ड्रॉप येतो, पण अंगावर काटा येत नाही

पत्र: माझं वय 33. 2011 ते 2014 ही माझी कॉलेजची वर्षं, आणि तेव्हाच इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचं वेड लागलं. त्यातले प्रोग्रेसिव्ह हाउस, बिग रूम, शिवाय थोडं जुनं ट्रान्स हे प्रकार. आता नवे ट्रॅक लावले की सगळे सारखेच वाटतात. दोन-अडीच मिनिटांत संपतात, गुणगुणावं असं काही हाती लागत नाही. म्हणून जुन्याकडे वळतो, ड्रॉपसाठी, म्हणजे चढत गेलेल्या ताणानंतर ताल आणि बेस जोरात कोसळतात त्या क्षणासाठी. पहिली दहा सेकंदं भरून येतं, मग काहीच होत नाही. ड्रॉप येतो, पण अंगावर काटा येत नाही. 21 वर्षांचा धाकटा भाऊ दिवसभर हार्ड टेक्नो ऐकतो आणि माझ्या गाण्यांना ‘काकांची गाणी’ म्हणतो. त्यात पुढच्या महिन्यात जुन्या मित्रांचा मेळावा आहे. निम्मे आमच्या वयाचे, निम्मे भावाच्या. दोन तासांचा सेट, म्हणजे एकातून एक जोडत नेलेली सलग गाणी, मी लावायचा, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. मिक्सिंग जमतं, पण सराव सुटलाय. जुन्या फाइल्स हार्ड डिस्कवर आहेत, त्या नव्यांशेजारी वाजवल्या की मिळमिळीत वाटतात. माझी आवड मेली, की संगीतच बिघडलं?
– ड्रॉपची वाट पाहणारा

उत्तर: तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात अर्धं निदान आलंय: ‘पहिली दहा सेकंदं भरून येतं, मग काहीच होत नाही.’ दहा सेकंदांत येते ती आठवण. ओळखीचा सिंथेसायझर कानावर पडला की ते वर्ष, ती माणसं, ती रात्र एकदम समोर उभी राहते. त्याला दहा सेकंद पुरतात. अंगावरचा काटा मात्र वाट पाहण्यातून येतो, आणि वाट पाहायला मिनिटं लागतात.

मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये हे मोजून दाखवलं. ज्या संगीतानं अंगावर काटा येतो असं संगीत लोकांना स्वतःच आणायला सांगितलं आणि ते ऐकताना त्यांचा मेंदू तपासला. डोपामाइन दोनदा स्रवत होतं: एकदा उत्कट क्षण जवळ येत असताना, मेंदूच्या एका भागात, आणि दुसऱ्यांदा तो क्षण आल्यावर, वेगळ्या भागात. म्हणजे ड्रॉपचा निम्मा आनंद ड्रॉपच्या आधीच मिळालेला असतो. समेवर येण्याचा आनंद ज्यानं अनुभवलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता तुमच्या आवडत्या वेगाचं गणित बघा. 128 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 128 ठोके असताना, चार ठोक्यांचा एक बार 1.875 सेकंदांचा होतो. 16 बार म्हणजे बरोबर 30 सेकंद, 32 बार म्हणजे बरोबर एक मिनिट. तुमच्या काळातल्या पूर्ण लांबीच्या ट्रॅकमध्ये आधी मिनिटभर नुसता ताल, मग बेस, मग किक (दर ठोक्याला पडणारा ड्रमचा जड आवाज) थांबून मिनिट-दीड मिनिटाचा ब्रेकडाउन, त्याच्या शेवटी स्नेअरचे ठोके दुप्पट-चौपट होत चढणारा बिल्ड-अप, आणि मग ड्रॉप. तीन मिनिटं तुम्ही वाट पाहायचात. आज फोनवर काय होतं? शोधल्यावर पहिला सापडतो तो रेडिओ एडिट, तीन-साडेतीन मिनिटांचा. त्यातला सुरुवातीचा ताल कापलेला, ब्रेकडाउन निम्म्यावर आणलेला. त्यावर आपण बोटानं रेष पुढे सरकवून थेट ड्रॉपवर जातो. वाट पाहायला जागाच उरली नाही, मग काटा कुठून येणार?

डेडमाऊस या निर्मात्याचं 2009 मधलं ‘स्ट्रोब’ याचं चांगलं उदाहरण आहे. अल्बमवर ते साडेदहा मिनिटांचं आहे, आणि सुरुवातीची काही मिनिटं त्यात किक नाहीच. एकच स्वरमाला हळूहळू उलगडत राहते. त्याची छोटी आवृत्ती ऐकून ‘आता काही वाटत नाही’ म्हणणं त्या ट्रॅकवर अन्याय आहे.

तेव्हा पहिलं काम. तुमच्या सगळ्यात लाडक्या वीस ट्रॅकची यादी करा आणि ते तीन आठवडे अजिबात लावू नका. मधल्या काळात त्या वीसांच्या एक्स्टेंडेड किंवा ओरिजिनल मिक्स, म्हणजे पूर्ण लांबीच्या, आवृत्त्या शोधून ठेवा. रेडिओ एडिट यादीतून काढून टाका. तीन आठवड्यांनी रोज फक्त एक, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत, हातात फोन न धरता. पार्श्वभूमीला लावून काम करू नका. बहुतेक ट्रॅक परत उभे राहतील. पाच-सहा राहणार नाहीत, आणि तेही समजलेलं बरं: त्या ट्रॅकमध्ये तुम्हाला आवडत होतं ते वर्ष, संगीत बेताचंच होतं.

यात वयाचा भाग किती? थोडा आहे, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या संशोधकांनी 1989 मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवली. जी गाणी गाजली तेव्हा ऐकणाऱ्याचं वय 23.5 वर्षांच्या आसपास होतं, ती त्याला सगळ्यात जास्त आवडली. तुमच्या कॉलेजच्या वर्षांच्या जवळपासचंच ते वय. शिवाय तुलनाही बरोबरीची होत नाही. 2012 मधले तुमच्या मनात टिकलेले चाळीस-पन्नास उत्तम ट्रॅक एका बाजूला आणि या आठवड्यात आलेला सगळा गाळीव-बिनगाळीव माल दुसऱ्या बाजूला, असा तो तराजू आहे. 2013 च्या सुमाराला तोच स्नेअर रोल, तोच ‘वन-टू-थ्री-जंप’चा ओरडा आणि त्यापाठोपाठ एकाच स्वराचा ठणठणीत ड्रॉप असे शेकडो ट्रॅक आले होते. तुम्ही ते विसरलात, आणि विसरलात ते योग्यच केलंत.

‘सगळं सारखंच वाटतं’ ही तक्रार तर या संगीताच्या पाचवीलाच पुजलेली आहे. ब्रिटनमध्ये 1994 साली मोकळ्या जागेतल्या रेव्ह पार्ट्या रोखण्यासाठी कायदा झाला. ज्या संगीताविरुद्ध तो वापरायचा त्याचं वर्णन कायद्यातच लिहिलेलं आहे: एकामागून एक येणारे, पुन:पुन्हा तेच ठोके हे ज्याचं मुख्य लक्षण, ते संगीत. डीजे टिएस्टोनं 2009 च्या अल्बममध्ये ट्रान्सकडे पाठ फिरवली तेव्हा जुने चाहते असेच दुखावले होते. ज्या डीजे हार्डवेलच्या बिग रूमवर तुमची पिढी नाचली, तो 2018 मध्ये दौरे थांबवून बाजूला झाला आणि मार्च 2022 मध्ये मायामीच्या अल्ट्रा महोत्सवात परतला तो टेक्नोकडे झुकलेला, काळपट आवाज घेऊन. त्याच महोत्सवात मार्च 2013 मध्ये डीजे आविचीनं गिटार-बँजो वाजवणारे कलाकार मंचावर आणून ‘वेक मी अप’ पहिल्यांदा ऐकवलं होतं. गर्दी गोंधळली, नाराजीही उमटली. काही महिन्यांत तेच गाणं जगभर वाजत होतं, आणि आज तुमच्या वयाचे लोक ते ऐकून हळवे होतात. पहिल्या ऐकण्यात दिलेला निकाल किती कच्चा असतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आता भावाकडे वळू, कारण गंमत अशी की तो जे ऐकतो ते तुमच्या संगीताहून जुनं आहे. हार्ड टेक्नोतली कडक किक आणि टाळीसारखा क्लॅप यांची घडण 1983 मध्ये आलेल्या रोलँड कंपनीच्या टीआर-909 या ड्रम मशीनवरून आलेली आहे. त्यातला तो चिरकणारा, पिळवटणारा अ‍ॅसिड आवाज त्याच कंपनीच्या टीबी-303 चा. हे यंत्र बेस गिटारच्या जागी वापरता यावं म्हणून बनवलं होतं, ते खपलं नाही आणि 1984 मध्ये बंद झालं. मग शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड घेऊन त्याच्या खुंट्या नको तितक्या पिळल्या आणि 1987 मध्ये अ‍ॅसिड हाउस जन्माला आलं. भावाच्या सेटमध्ये अधूनमधून ट्रान्सचे सूरही ऐकू येत असतील. 2021 मध्ये शार्लोट द विट आणि एन्रिको सांजुलियानो या डीजेंनी ‘द एज ऑफ लव्ह’ हा ट्रान्स ट्रॅक नव्यानं केला, तो मूळ 1990 चा. म्हणजे तुमचा भाऊ स्वतःच्या जन्माआधीच्या काळासाठी हळवा झालेला आहे! भांडणात हा मुद्दा वापरू नका. त्याच्याशी बोलायला सुरुवात म्हणून वापरा.

तुम्हाला हार्ड टेक्नो पोकळ का वाटतं, तेही सांगतो. तुम्ही त्यात तुमच्या संगीताच्या सवयीच्या जागी वाट पाहता. बिग रूममध्ये प्रत्येक ट्रॅक स्वतःपुरती वाट पाहायला लावतो आणि स्वतःच ती संपवतो. टेक्नोत एकेक ट्रॅक म्हणजे नुसता दुवा. वाट असते ती सबंध तासाची. म्हणून सुटा ट्रॅक ऐकून हाती काहीच लागत नाही. तिथे कॉर्डची वाट पाहू नका. खालून सतत जी घरघर चालते तिकडे कान द्या. तिला रंबल म्हणतात. किकलाच रिव्हर्ब (घुमणारा आवाज) लावायचा, त्यातले वरचे स्वर फिल्टरनं कापायचे, त्याला थोडं डिस्टॉर्शन (फाटल्यासारखी खरखर) द्यायचं आणि दर ठोक्याला साइडचेननं, म्हणजे किक पडताच तो आवाज आपोआप खाली जाईल असं, दाबायचं. मग ठोक्याच्या मधल्या फटीत तो आवाज श्वासासारखा फुगतो. ती घरघर एकदा ऐकू येऊ लागली की पुढचं सोपं. दर 8 किंवा 16 बारांनी काहीतरी एकच बदलतं: एक हाय-हॅट (छोट्या झांजेचा आवाज) वाढते, क्लॅप जातो, फिल्टर किंचित उघडतो. बदल बारीक असतात, पण वीस मिनिटं ते साचत गेले आणि मग दोन बार किक थांबून परत आली, की तो त्या संगीताचा ड्रॉप.

ऐकायची पद्धत अशी ठेवा. भावाकडून त्याच्या आवडीचा एकच मिक्स मागा, 45 ते 60 मिनिटांचा. तो एका आठवड्यात तीनदा ऐका, मध्ये न थांबवता, शक्यतो चालताना, म्हणजे पावलं आपोआप तालाशी जुळतात. तीन वेगवेगळे मिक्स एकेकदा ऐकून उपयोग नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी 1968 मध्ये दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन:पुन्हा समोर आली तरी तिच्याबद्दलची पसंती वाढते. पहिल्या ऐकण्यात गोंगाट, दुसऱ्यात वळणं ओळखू येतात, तिसऱ्यात तुम्ही पुढच्या वळणाची वाट पाहू लागता. तिसऱ्यांदाही कंटाळाच आला, तर तो प्रकार तुमचा नाही. निर्धास्तपणे सोडून द्या. मेलोडिक टेक्नो किंवा नव्यानं परतलेलं ट्रान्स तुमच्या जुन्या आवडीला अधिक जवळचं आहे, तिथून पुन्हा सुरुवात करा.

नवे ट्रॅक आखूड का झाले, हेही एकदा कळलं की राग कमी होतो. स्पॉटिफायसारख्या सेवेवर 30 सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो. त्यापुढे तीन मिनिटं असोत वा आठ, मोजणी तीच. त्यामुळे सुरुवातीचा मिनिटभर ताल हा निर्मात्याच्या दृष्टीनं तोटा ठरतो आणि गाणं लगेच मुद्द्यावर येतं. पण एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळायला डीजेंना तो ताल लागतोच, म्हणून बहुतेक निर्माते एक्स्टेंडेड मिक्स वेगळा काढतात. तो बीटपोर्टसारख्या दुकानात मिळतो. नवं संगीत तपासायचं तर त्या आवृत्तीत तपासा.

आणखी एक साधी गोष्ट, जिच्याकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. तुम्ही हे सगळं कशावर ऐकता? किकचा मूळ आवाज 45 ते 60 हर्ट्झच्या आसपास असतो. फोनचा किंवा लॅपटॉपचा स्पीकर 200 हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही. तुम्ही किक ऐकत नाही, तिची वरची टिचकी तेवढी ऐकता. कॉलेजात सुरांवर उभं असलेलं संगीत त्यातूनही पोचत होतं. खर्जावर उभं असलेलं हार्ड टेक्नो त्यातून पोचणारच नाही. कानात घालायचे इअरफोन असतील तर रबरी टोपी बदलून बघा. टोपी लहान असली की फट राहते आणि बेस तिथून गळून जातो. टोपी घातल्यावर बाहेरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत असेल, तर एक माप मोठी लावा. बेस कमी वाटतो म्हणून आवाज वाढवत जाणं हा उपाय नव्हे, त्यानं कान जातो. 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, हा नोकरीच्या जागेसाठीचा जुना हिशोब आहे. त्यानुसार 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. तुम्ही अनेक वर्षं मोठ्या आवाजात नाचला असाल, तर हाय-हॅट आणि बिल्ड-अपमधला तो चढत जाणारा ‘श्श्श’ आधीपेक्षा बोथट ऐकू येत असेल. जुनं गाणं फिकं वाटण्याचं तेही एक कारण असू शकतं. कानात शिट्टी वाजल्यासारखं होऊन ती दोन दिवसांनंतरही टिकत असेल, तर ऑडिओलॉजिस्टकडून श्रवणचाचणी करून घ्या. मेळाव्यात स्वतः संगीतवाल्यांचे फिल्टरचे इअरप्लग वापरा. ते 15 ते 20 डेसिबल कमी करतात, पण खालचे-वरचे स्वर सारखेच उतरवतात, त्यामुळे मिक्स करता येतो. फोमचे बोळे वरचे स्वर खाऊन टाकतात.

आता सेट. आधी फाइल्स, कारण ‘मिळमिळीत’ वाटण्याचं कारण बहुधा तिथेच आहे, आणि ती कारणं दोन आहेत.

पहिलं, दर्जा. त्या काळात हार्ड डिस्कवर जमा झालेल्या एमपी3 बऱ्याचदा 128 केबीपीएसच्या (सेकंदाला 128 किलोबिट), म्हणजे जास्त आवळलेल्या असतात. त्यात साधारण 16 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं असतं आणि झांजांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. फाइलच्या नावात 320 लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. कुणीतरी 128 ची फाइल पुन्हा 320 ला बदललेली असू शकते, आणि बदलल्यानं गेलेलं परत येत नाही. स्पेक किंवा ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठले स्वर किती उंचीपर्यंत आहेत ते दाखवणारं चित्र, पाहा. खरी 320 ची फाइल साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत जाते. 16 ला सुरीनं कापल्यासारखी सपाट रेष दिसली, तर ती फाइल मेळाव्यात वाजवू नका. सेटमध्ये घ्यायचे तेवढे जुने ट्रॅक वेव्ह किंवा एआयएफएफ या न आवळलेल्या स्वरूपात नव्यानं विकत घ्या. जास्तीत जास्त दहा-बारा लागतील.

दुसरं कारण आवाजाची पातळी. नवे क्लब ट्रॅक कमालीचे दाबून मास्टर केलेले, म्हणजे अंतिम प्रतीत आणलेले असतात. सरासरी पातळी उणे 7, उणे 6 एलयूएफएसपर्यंत नेलेली दिसते (हे आवाजाच्या जाणवणाऱ्या पातळीचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा). जुन्या ट्रान्सचे मास्टर त्याहून दोन-चार डेसिबल खाली असतात. स्पॉटिफाय सगळं उणे 14 च्या आसपास आणून ठेवतं म्हणून तिथे हा फरक जाणवत नाही. हार्ड डिस्कवरून वाजवताना जाणवतो. आपला कान मोठ्या आवाजालाच चांगला आवाज समजतो. उपाय सोपा आहे. जुन्याला लिमिटरनं दाबून वर आणू नका, त्यानं ब्रेकडाउन आणि ड्रॉपमधला चढउतारच मरतो. नव्याचा ट्रिम (मिक्सरवरची, ट्रॅकची मूळ पातळी ठरवणारी खुंटी) खाली घ्या. प्रत्येक ट्रॅकचा सगळ्यात जोरकस भाग वाजवून ट्रिमनं मीटर एकाच खुणेवर आणा, आणि मास्टरवर लाल दिवा लागू देऊ नका. हे काम फेडरनं, म्हणजे मिक्सरच्या सरकत्या पट्टीनं, करू नका. ट्रिम ठरवून झाला की फेडर पूर्ण वर मोकळा राहायला हवा.

दोन तासांची आखणी करताना तुमच्यासमोर खरी अडचण वेगाची आहे. तुमचं संगीत 128 ला, भावाचं 145 च्या पुढे. हा फरक 13 टक्क्यांहून जास्त आहे, एका उडीत जाता येत नाही. पण तुमच्याच कपाटात पूल पडलेला आहे: जुनं ट्रान्स, 136 ते 140. ते तुमच्या पिढीला सुरांमुळे ओळखीचं आणि भावाच्या पिढीला वेगामुळे. आम्ही असा क्रम लावू: पहिली 25 मिनिटं 122 ते 124, नवं मेलोडिक हाउस, लोक गप्पा मारत असतील. पुढची 40 मिनिटं 126 ते 128, तुमचा काळ. मग 15 मिनिटं 130 ते 134, इथे फार गाजलेलं काही नको, नुसता ताल. पुढे 15 मिनिटं ट्रान्स, 136 ते 140. त्यानंतर 15 मिनिटं 142 ते 146, आणि ही भावाला द्या. प्रत्येक ट्रॅक पाचेक मिनिटं धरला तर हे बावीस ट्रॅक झाले. उरलेल्या दहा मिनिटांकडे शेवटी येतो.

वेग वाढवताना दर ट्रॅकला एक ते दोन बीपीएमपेक्षा जास्त चढू नका, आणि चढायचं ते किक चालू असताना, ब्रेकडाउनमध्ये नाही. सूर एकटे वाजत असताना वेग बदलला की लगेच कळतो. की-लॉक (वेग बदलला तरी सूर न बदलू देणारी सोय) चालू ठेवा, पण त्याचीही मर्यादा आहे. गायकाचा आवाज असलेला ट्रॅक पाच-सहा टक्क्यांपेक्षा जास्त ताणला की शब्द घाईत म्हटल्यासारखे होतात. की-लॉक बंद असेल तर 6 टक्क्यांना सूर जवळजवळ अर्धा स्वर वर जातो. त्यामुळे कॅमलॉट चक्रावर, म्हणजे ट्रॅकच्या स्वरपट्टीला आकडा आणि अक्षर देणाऱ्या तक्त्यावर, 8ए असलेला ट्रॅक 3ए होतो आणि तुमची जुळवाजुळव फसते. स्वर जुळवायला नियम साधा: तोच आकडा, किंवा एक आकडा पुढे-मागे, किंवा त्याच आकड्याचा ए-बी.

बरेच जण इथे एक चूक करतात, आणि ती सेट बुडवते: सगळी गाजलेली गाणी एकापाठोपाठ लावतात. अशा प्रत्येक गाण्यात मिनिट-दीड मिनिट किक नसते. सहा गाणी सलग लावली तर अर्ध्या तासातली सहा ते नऊ मिनिटं लोक हात वर करून नुसते उभे राहतात. दुसऱ्या गाण्याला आरडाओरडा होतो, चौथ्याला लोक खुर्ची शोधतात. आठवणीलाही भूक लागू द्यावी लागते. दोन तासांत अशी गाणी पाच, फार तर सहा. पहिलं 25 मिनिटांच्या आधी नको. दर गाण्यानंतर दोन-तीन ट्रॅक असे ठेवा ज्यांचा ब्रेकडाउन 16 बारांपेक्षा लांब नाही. आणि ओळखीचं गाणं नेहमी पूर्ण वाजवलंच पाहिजे असं नाही. जुन्या गाण्याचा फक्त गळा, म्हणजे गायकाचा आवाज, नव्या तालावर 32 बार ठेवला तर तुमचे मित्र गाऊ लागतात आणि भावाचे मित्र नाचत राहतात. आता बहुतेक डीजे सॉफ्टवेअरमध्ये स्टेम, म्हणजे गळा, ताल, बेस असे गाण्याचे थर, वेगळे करायची सोय आहे. त्यात गळा तेवढा घ्या, बाकी बंद ठेवा. वेगळ्या केलेल्या गळ्यात झांजेची चरचर राहून जाते, म्हणून वर नव्या ट्रॅकची हाय-हॅट चालू असेल अशी जागा निवडा, म्हणजे ती झाकली जाते. हे आयत्या वेळी करायचं काम नाही. आधी घरी चार-पाचदा वाजवून पाहा, सॉफ्टवेअरला फाइल आधीच विश्लेषित करू द्या.

मिक्स करताना सराव सुटलेल्यांची दोन ठिकाणी गफलत होते. एक, फ्रेज, म्हणजे ट्रॅकचा एक पूर्ण टप्पा. नवा ट्रॅक चालू ट्रॅकच्या 16 किंवा 32 बारांच्या पहिल्याच ठोक्यावर सोडा. बीट जुळले पण 8 बार इकडेतिकडे झाले, तर एकाचा ड्रॉप दुसऱ्याच्या गाण्याच्या ओळीवर आदळतो. दुसरं, खालचे स्वर. दोन किक एकत्र वाजल्या की एकमेकींना खातात आणि आवाज चिखलासारखा होतो. येणाऱ्या ट्रॅकचा लो (खालच्या स्वरांची खुंटी) पूर्ण बंद ठेवून आत या, आणि फ्रेजच्या सीमेवर एका हातानं एक खाली, दुसऱ्यानं दुसरा वर. नाइलाजानं रेडिओ एडिटच हाती असेल, तर त्याचा शेवटचा चार बारांचा स्वच्छ ताल लूप करून जागा मिळवा. गाण्याच्या ओळीवर लूप लावू नका, ते अडकल्यासारखं वाटतं.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की बेस फुगतो आणि रंबल नुसती गुरगुर होते. भिंतींपासून थोडा सरकवून, लोक नाचतील तिथे स्वतः उभं राहून ऐका. सगळ्या फाइल्स दोन पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट करा, कारण जुने प्लेअर एक्सफॅट ओळखत नाहीत. ते फ्लॅक फाइल्सही वाजवत नाहीत. इंटरनेटवरून वाजवण्याच्या भरवशावर राहू नका.

आणि भावाशी बोलताना ‘यात काय आवडतं’ असं विचारू नका, त्याला उत्तर देता येणार नाही. त्याच्या मिक्समधली मिनिटं विचारा: ‘कुठल्या मिनिटाला तुला सगळ्यात भारी वाटतं, आणि त्याच्या आधीची किती मिनिटं मी ऐकायला हवीत?’ तुमच्या एका जुन्या सेटमधली अशीच दोन ठिकाणं त्याला द्या, आधीच्या दहा मिनिटांसकट. मेळाव्याच्या आठवडाभर आधी 134 ते 142 हा टप्पा दोघांनी मिळून बसवा. 140 च्या ट्रान्स ट्रॅकवरून त्याच्या पहिल्या ट्रॅकवर जाताना लोची अदलाबदल त्याला करू द्या.

शेवटची दहा मिनिटं. 146 वरून मिक्स करत खाली यायचा प्रयत्न करू नका, ते उतरणं नेहमी थकल्यासारखं वाटतं. भावाच्या शेवटच्या ट्रॅकवर फ्रेजच्या अखेरीला इको लावून आवाज तोडा, दोन सेकंद शेपूट विरू द्या, आणि सुरुवातीला किक नसलेला एखादा लांबलचक जुना ट्रॅक सुरू करा, आठ-दहा मिनिटांचा, पूर्ण आवृत्ती. ताल नसल्यामुळे वेगाची पडझड कुणाला जाणवत नाही. मग मिक्सरला हात लावू नका. हेडफोन काढा, समोर गर्दीत जाऊन उभे राहा आणि किक यायची वाट पाहा.